तिसरी ओळ

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते उधन्याच्या बसथांब्यावर, आणि त्या वेळी ते मार खाण्याच्या बेतात होते. एका बाईच्या पदराकडे ते टक लावून बघत होते. चोरून वगैरे नाही, अगदी सरळ. मान एका बाजूला कलती, एक डोळा मिटलेला. बाईने दोनदा पदर सावरला. तिसऱ्यांदा तिच्या नवऱ्याने मास्तरांची कॉलर धरली. मास्तरांनी ती सोडवून घ्यायची खटपटही केली नाही. त्याच अवस्थेत ते त्याला समजावू लागले, "हाऊ रंग मना शे, भाऊ. पन कोनी तरी बिघाडेल शे."

नवरा गुजराती होता. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण माणूस वेडा आहे एवढं कळलं आणि त्याने कॉलर सोडली. मला मात्र सगळं कळलं होतं: रंग माझा आहे, पण कोणीतरी तो बिघडवला आहे. आम्ही त्याच गुजराती शहरातल्या डिंडोलीत राहायचो, पण गल्लीत अर्ध्याहून जास्त घरं खानदेशी. माझे वडील शाळेत शिक्षक, त्यामुळे घरात शुद्ध मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी, अशी मी वाढले. मला हसू आलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ओढणीकडे पाहिलं, आणि हा रंगही आपलाच, पण याला कोणी हात लावलेला नाही, असा निकाल देऊन ते बसमध्ये चढले. आठवड्याने मी नोकरीला लागले तर हेच गृहस्थ समोर.

पलसाण्याकडे जाणाऱ्या हायवेवर कापड रंगवायच्या मिलांची रांग आहे. त्यातल्या एका मिलमध्ये ते कलर मास्टर होते. कोरं कापड येतं, व्यापारी सोबत बोटाएवढी चिंधी देतो आणि म्हणतो, असा रंग पाहिजे. ती चिंधी बघून कोणता रंग किती ग्रॅम, कोणतं केमिकल किती, पाणी किती तापवायचं, हे ठरवणारा तो कलर मास्टर, आणि त्याने लिहिलेला आकड्यांचा कागद म्हणजे रेसिपी. मास्तर चिंधी कधी ट्यूबलाइटखाली बघत नसत. फाटकाजवळ एक कडुनिंब होता. त्याच्या सावलीत जाऊन ते चिंधी नखावर ताणून धरत, एका डोळ्याने बघत, मग दोन्ही डोळे मिटत. इतका वेळ मिटत की नव्या माणसाला वाटे, मास्तर उभ्या उभ्या झोपले.

अशा मिलमध्ये माणसांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असतात. मास्तरांचा शर्ट मात्र रोज पांढराशुभ्र, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर एक ठिपका पडत नसे. ते कापडही आमच्याच मिलमध्ये त्यांनी स्वतः ब्लीच केलेलं. रंग कोणालाही शिकवता येतो, पांढरं करणं फार थोड्यांना जमतं, असं ते म्हणत, आणि म्हणताना शर्टाची बाही पुढे करून दाखवत. लग्नाच्या पंगतीत बसले तर वरणात हळद किती पडली ते घास घेण्याआधी सांगत. एकदा माझ्या डब्यातल्या कोबीकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं होतं. चव नव्हती आवडली असं नाही. त्यांना त्यातला हिरवा पटला नव्हता.

रंगांना ते व्यापाऱ्यांची नावं देत नसत. बाजारात राणी, रामा, गाजरी, मोरपंखी असं चालतं. मास्तरांच्या वहीत 'जिजीची शाल' होता, 'शिरपूरचा उन्हाळा' होता, 'बुरशी आलेलं लोणचं' होता, आणि 'सासरा रागावला' नावाचा एक विटकरी होता. मेणकापडात गुंडाळलेली ती वही शर्टाच्या आत, कमरेला खोचलेली असे. घामाने तिची पानं फुगली होती. शेठ येवो नाही तर शेठचा बाप, वही मास्तरांच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात नसे.

माझी नोकरी या वहीमुळेच निर्माण झाली. आमचे छोटे शेठ नुकतेच कॉलेजातून आले होते आणि त्यांनी मिलमध्ये कॉम्प्युटर आणले होते. एक ऑफिसात, एक लॅबमध्ये, एक माल पाठवायच्या खात्यात. आणि या तिघांना वायरीने जोडलेली एक मोठी पेटी, जिच्यापुढे कोणी बसायचं नाही, जिच्यात नुसतं ठेवायचं. कोणत्याही टेबलावरून ठेवा, कोणत्याही टेबलावरून काढा. तिन्ही कॉम्प्युटरवर ती पेटी 'एफ' या अक्षराने दिसायची, म्हणून सगळे तिला एफ म्हणत. "बधुं एफमां नाखी दो," सगळं एफमध्ये टाका, हे छोट्या शेठचं दिवसातून वीसदा म्हणणं. ऑर्डर एफमध्ये, पत्ते एफमध्ये, आणि आता मास्तरांच्या रेसिपीही एफमध्ये टाकायच्या होत्या. ते टाकायला मी.

परवा माझ्या मुलाने घरात अशीच एक पेटी आणली. पुस्तकाएवढी आहे. घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं तिच्यात राहणार, कोणत्याही फोनवरून बघता येणार. ती चालू करताना त्याने विचारलं, "आई, ओनर म्हणून तुझं नाव टाकू?" मी नको म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असेन, कारण तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला काही सांगितलं नाही. इथे सांगते आहे.

मास्तर त्या पेटीला चावडी म्हणत. "हाई पेटी नही, हाई चावडी शे," ते मला म्हणाले होते. "आठे कोनी बी ये, कोनी बी वाच." पेटी गरम होऊ नये म्हणून तिच्या खोलीत एसी बसवला होता, अख्ख्या मिलमधला एकुलता एक. त्या खोलीत मास्तर पाऊल टाकत नसत. रंगखात्यात माणसं वाफेत शिजत होती आणि इथे पेटीला ताप येऊ नये म्हणून गारवा, हे त्यांच्या डोक्यात जायचं. दाराच्या काचेतून मात्र ते आत बघत. पेटीच्या काळ्या पडद्यावर एक लाल गांडूळ फिरत राहायचं. एफमध्ये काम वाढलं की त्याची शेपटी लांब व्हायची, काम नसलं की आखूड. गांडूळ आज जेवलं का, असं ते मला रोज विचारत.

रेसिपी द्यायला मास्तर नकार देणार, यावर मिलमध्ये पैजा लागल्या होत्या. ते एका शब्दात हो म्हणाले. मोठे शेठसुद्धा चकित झाले. दिवाळीनंतर आम्ही बसलो ते संक्रांतीपर्यंत. वही माझ्या हातात द्यायची नाही ही त्यांची एकच अट. ते स्टुलावर बसून वाचत, मी टाइप करी. पहिली अडचण नावांची आली, कारण एफमध्ये फाईलच्या नावाला आठच अक्षरं मावायची. 'सासरा रागावला' आठ इंग्रजी अक्षरांत बसवा म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "मंग त्याले सांग, घर मोठं बांध." शेवटी सासरा राहिला आणि त्याचा राग गेला.

फाईलींची यादी उघडली की प्रत्येकीसमोर तारीख यायची आणि शेवटच्या रकान्यात, ती फाईल कोणी तयार केली त्याचं नाव. त्या रकान्याला मशीन 'ओनर' म्हणायचं. मी गमतीने मास्तरांना दाखवलं, बघा, तुमच्या सगळ्या रंगांची मालकीण मी. मास्तर वाकून बराच वेळ बघत राहिले. वीस वर्षांचे रंग, आणि शेवटच्या रकान्यात खालपर्यंत एका बावीस वर्षांच्या मुलीचं नाव. मला वाटलं चिडतील. ते हसले, आणि ते हसणं मला त्या वेळी कळलं नाही.

मास्तरांची आणखी एक खोड होती, तिच्यावर सगळी मिल हसायची. रंग मोजताना पहिले दोन रंग ते कामगारांकडून मोजून घेत आणि तिसरा मात्र स्वतः, सगळ्यांकडे पाठ करून, आपल्या वेगळ्या तराजूवर. ओठ हलत असायचे. कोणी म्हणे मास्तर मंत्र पुटपुटतात, कोणी म्हणे नवस आहे. ब्लीचच्या टाकीवर सुकलाल नावाचा कामगार होता, मास्तरांच्याच गावचा, त्यांनीच आणून चिकटवलेला. तो आम्हाला नक्कल करून दाखवायचा: पाठ फिरवून, मान खाली घालून, बोटाने हवेत वजन करत. मास्तरांदेखतसुद्धा करायचा. एवढी मुभा त्या मिलमध्ये दुसऱ्या कोणाला नव्हती. दुपारी मास्तरांच्या थर्मासच्या झाकणातून चहा पिण्याची मुभाही त्यालाच.

फेब्रुवारीत एक दिवस मी रेसिपीचा छापील कागद घेऊन रंगखात्यात गेले होते. मास्तर पाठ करून उभे होते आणि मी नेमकी अशा कोपऱ्यात होते की तराजूचा काटा मला दिसत होता. कागदावर तिसऱ्या ओळीत ऐंशी ग्रॅम निळा होता. काटा चाळीसवर थांबला आणि मास्तरांनी पिशवी बंद केली. मला वाटलं, चुकले. मी चांगुलपणाने सांगायला गेले. त्यांचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी मला कडुनिंबाखाली नेलं.

"तिसरी ओळ मी दुप्पट लिखस," ते म्हणाले. "टाकतांना अर्धी टाकस. कोनले सांगू नको, माय."

मग हळूहळू सगळं सांगितलं. प्रत्येक मास्तराची एक ओळ असते. त्यांच्या उस्तादाची दुसरी होती. वही चोरीला गेली तरी चोराच्या हाती रंग लागू नये म्हणून सगळेच जुने मास्तर एका ओळीत खोट लिहून ठेवत, आणि ती कोणती हे मरताना फक्त एका शागिर्दाला सांगत. तरुणपणी एका मिलमध्ये मास्तरांनी विश्वासाने खरी वही ठेवली होती. शेठने ती उतरवून घेतली आणि पुढच्या सोमवारी फाटकावरच्या माणसाने यांना आत सोडलं नाही. तेव्हापासून तिसरी ओळ. म्हणजे मी दोन महिने बसून एफमध्ये जे भरलं होतं, ते सगळं या एका माणसाच्या हाताशिवाय निरुपयोगी होतं. ते हसणं मला आता कळलं.

मी वचन दिलं. खरं सांगायचं तर मला त्या गुपिताचा माज चढला. छोटे शेठ पाहुण्यांना ऑफिसात आणून, मास्तर उद्या नसला तरी चालेल, सगळं एफमध्ये आहे, असं ऐकवत, तेव्हा मी खाली मान घालून हसत असे. सगळ्या मिलमध्ये दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट होती आणि त्या दोघांतली एक मी होते.

या मिलमधल्या सहा वर्षांत मास्तरांनी एक दिवस रजा घेतली नव्हती. कामाची भक्ती म्हणून त्यांचं कौतुक व्हायचं. मला कारण माहीत होतं. मार्चमध्ये त्यांची आई वारली. निरोप दुपारी आला. मास्तर तसेच निघाले, रंगखात्यातून थेट फाटकाकडे, वही कमरेला. मला कडुनिंबाखाली बोलावलं आणि बिडीच्या पाकिटाच्या कागदावर गावातल्या एका किराणा दुकानाचा फोन नंबर लिहून दिला.

"तेरा दिन," ते म्हणाले. "रंग बिघडना तं बिघडू दे. तू तोंड उघडू नको."

रंग बिघडले. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जो लॉट निघाला त्याच्यावर निळी झाक होती. राणी जांभळा झाला, बदामी मेल्यासारखा दिसू लागला. छोटे शेठ कागद आणि कापड घेऊन लॅबमधून ऑफिसात, ऑफिसातून लॅबमध्ये फिरत होते. पाणी खराब आहे म्हणाले, माल भेसळीचा आहे म्हणाले. मी माझ्या टेबलावर बसून होते आणि मला आनंद होत होता. लपवत नाही. मास्तर परत येतील, हे सगळे त्यांच्यापुढे हात जोडतील, आणि मी मजा बघेन, असं मी चित्र रंगवत होते.

सहाव्या दिवशी पांढऱ्या शर्टिंगचा लॉट लागला. छोट्या शेठनी ब्लीचची रेसिपी मागितली. मी एफमधून फाईल काढली. ब्लीचमध्ये रंग नसतातच. पहिल्या ओळीत ब्लीचचं केमिकल, दुसरीत मशीनला गंज चढू नये म्हणून घालायचा क्षार, तिसरीत ॲसिड.

मी तो कागद पाहिला. पुढची पाच मिनिटं मी आयुष्यभर उगाळत आले आहे, म्हणून जसं झालं तसंच लिहिते. तिसऱ्या ओळीत ॲसिड आहे हे मला दिसलं. मनात आलं की मास्तरांची खोड रंगांपुरती असेल, इथे कशाला असेल. मग मनात आलं, पण असली तर? पर्समध्ये बिडीच्या पाकिटाचा कागद होता. मिलच्या बाहेर पन्नास पावलांवर एसटीडीचं दुकान होतं. पण काय सांगून उठू? छोटे शेठ समोर उभे होते. उठले असते तर कुठे म्हणून विचारलं असतं, आणि मग तोंड उघडावं लागलं असतं. फार तर कापड जरा पिवळं निघेल, असं मी स्वतःला सांगितलं. प्रिंटरमधून कागद फाडला आणि दिला.

ॲसिड एरवी मास्तर स्वतः ओतत, पाठ करून, आपल्या मगाने. त्या दिवशी सुपरवायझरने आकडा वाचून दाखवला आणि सुकलालने ओतलं. त्याला सांगितलं तेवढं त्याने ओतलं. शेडचा दरवाजा वाऱ्याने धूळ येते म्हणून ओढून घेतलेला होता.

आधी वास आला, ऑफिसपर्यंत. मग आरडाओरडा. मी बाहेर आले तेव्हा ब्लीचच्या शेडच्या वरच्या फटीतून दुप्पट ॲसिडने सुटलेला विषारी पिवळा धूर निघत होता आणि माणसं तोंडाला फडकी लावून हायवेकडे धावत होती. सुकलालला दोघांनी बाहेर ओढून आणलं आणि सावली म्हणून कडुनिंबाखाली निजवलं. तो खोकत होता. डोळे उघडत नव्हते. तोंडाला फेस येत होता, आणि हात सारखे काहीतरी बाजूला सारत होते. त्याला टेम्पोत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल.

मास्तर चौदाव्या दिवशी आले. डोकं भादरलेलं. अंगात चौकडीचा शर्ट. पांढऱ्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. डिंडोलीत सुकलालचं घर त्यांच्या घरापासून चौथं. त्यांना कोणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

छोट्या शेठनी त्यांना आत बोलावलं. मलाही. टेबलावर तो छापील कागद होता. शेठना मनातून काय हवं होतं ते मला त्या क्षणी समजलं: टाइप करताना मुलीने आकडा चुकवला, एवढं ठरलं की सगळं सरळ होणार होतं. त्यांनी मास्तरांना विचारलं, "आ तमारी ज रेसिपी छे ने? के छोकरीए भूल करी छे?" वडिलांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. सुकलाल डोक्यात नव्हता.

मास्तरांनी शर्टात हात घातला, वही काढली, मेणकापड सोडलं आणि पान उघडून टेबलावर ठेवलं. पहिल्यांदाच ती वही त्यांच्या हातातून सुटली. आकडा तोच होता. "छोकरीए बराबर लख्युं छे," ते म्हणाले. "त्रीजी लाइन हुं अडधी नाखुं छुं."

मुलीने बरोबर लिहिलं आहे, तिसरी ओळ मी अर्धी टाकतो. छोट्या शेठनी कागद जवळ ओढला. मला वाटलं ते ओरडतील, पोलिसांना बोलावतील. त्यांनी विचारलं, "बधी रेसिपीमां?"

मास्तरांनी मान हलवली.

तपासाला सरकारी माणूस आला होता. त्याच्या कागदावर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे, असं लिहिलं गेलं. मीच तो टाइप केला आणि एफमध्ये ठेवला. मास्तर त्या माणसाकडे दोनदा गेले होते. चूक माझी आहे असं लिहून घ्या म्हणाले. त्याने त्यांना घरी जायला सांगितलं. सुकलालच्या बायकोला मिलने घड्या घालायच्या खात्यात घेतलं आणि प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सकाळी नऊला येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसू लागले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्या रेसिपींमधली तिसरी ओळ त्यांना दुरुस्त करायची होती. मी त्यांना हळूच म्हटलं की हे झालं की शेठ तुम्हाला ठेवणार नाहीत. ते म्हणाले, "पुढली फाईल." अकरा दिवस आम्ही ते केलं. मी नाव वाचायची, ते डोळे मिटून आकडा सांगायचे. जिजीची शाल, अर्धी. शिरपूरचा उन्हाळा, अर्धी. वही टेबलावर उघडी पडलेली असायची, येणारे-जाणारे तिच्यात डोकावायचे, मास्तरांना त्याचं काही नव्हतं. गांडूळ जेवलं का, हे त्यांनी त्या अकरा दिवसांत एकदाही विचारलं नाही. मी काचेतून बघायची. पडद्यावर ते आखूड शेपटी घेऊन फिरत असायचं.

शेवटच्या दिवशी दुपारी एकच फाईल राहिली. ती आम्ही दोघांनी रोज टाळली होती. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "मास्तर, तो कागद मीच काढला होता. मी वाचला होता. मला शंका आली होती."

"माले माहीत शे," ते म्हणाले.

मग खिडकीबाहेर बघत बोलले, थांबत थांबत. "गावले जातांना नवापूरले गाडी थांबनी, तवय माले आठवनं. ब्लीचमा बी मी तसंच लिखेल शे. हातले सवय पडी गई व्हती. मी रोज त्या दुकानवर जाई बसू. तुना फोन यीन म्हनीसन." त्यांनी वही मिटली. "फोन मना बी हातजोडे व्हता, माय. करा नही. करतू तं वही उघडी पडती."

फोन त्यांच्याही हाताशी होता, त्यांनीही केला नव्हता. तेरा दिवसांचं सुतक सोडून तो माणूस दुकानाच्या ओट्यावर बसून होता, समोर फोन. आणि इकडे माझ्या पर्समध्ये त्याच फोनचा नंबर. आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत होतो आणि मधल्या मध्ये सुकलाल टाकीत ॲसिड ओतत होता.

मास्तर उठले. वही टेबलावरच ठेवली. "ती तू कर," म्हणाले, आणि गेले. त्यांना परत आत घेतलं गेलं नाही, आणि ते आलेही नाहीत. पुढे दोन वर्षं ते मला गल्लीत दिसत. ओट्यावर बसलेले असत, अंगात मळखाऊ शर्ट. सुकलालची बायको संध्याकाळी मिलमधून यायची, तिच्या लुगड्यावर रंगीत दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असायचे. ती दिसली की मास्तर तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसत. एकदा मी मुद्दाम नवीन ओढणी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले आणि रंग कसा आहे विचारलं. त्यांनी बघितलं नाही. पुढे ते गावी गेले आणि तिकडेच वारले.

त्या दुपारी मी एकटीच बसून ती शेवटची फाईल उघडली. तिसऱ्या ओळीतला आकडा पुसला, अर्धा लिहिला, फाईल बंद केली. मग यादी उघडली. सगळ्या रंगांच्या तारखा बदलल्या होत्या. जिजीची शाल, सासरा, उन्हाळा, सगळे त्या अकरा दिवसांतले झाले होते. सगळ्यात खाली ब्लीच होतं. त्याच्यासमोर आजची तारीख आली होती, आणि शेवटच्या रकान्यात, मालक म्हणून, अजून माझंच नाव होतं.